उतरता लिलाव

वडप्यात मैना भोईरचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. पोरगी गणितात हुशार, आणि पोरगी डूख धरते. शाळेत असताना एका पोरानं तिची कंपासपेटी फोडली, तेव्हा ती रडली नाही की बाईंकडे गेली नाही. पावसाळा सरला, दिवाळी आली, ते पोर सगळं विसरूनही गेलं, आणि मग एका सकाळी त्याची नवी सायकल तळ्यात सापडली. तिला कुणी विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही, पण गाव समजून गेलं.

हा स्वभाव तिला बापाकडून आलेला नव्हता. बाळाराम भोईर तापट खरा, पण उघडा माणूस. रागावला की भर रस्त्यात उभा राहून शिव्या घालील आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या ओटीवर बसून चहा पिईल. त्याच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही आणि त्याचं नडलं ते तिथंच. नाशिक हायवेच्या कडेची भातखाचरं गोदामवाल्यांनी घेतली, तेव्हा त्याचाही एक तुकडा गेला. त्यातला पैसा पोरीच्या पुढच्या शिक्षणाला बाजूला काढलाय, हे त्यानं टपरीवर बसून अख्ख्या गावाला सांगितलं. गप्प बसला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

मैना तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला क्वांटम फिजिक्सच्या गणितानं झपाटलं होतं. आपल्या रोजच्या हिशेबात दोन प्रश्न कुठल्याही क्रमानं विचारा, उत्तरं तीच येतात. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. आधी हे मोजा आणि मग ते, तर एक उत्तर येतं. उलट क्रमानं मोजा, तर दुसरंच. पहिलं मोजणं पुढच्या मोजण्यात आपला हात घालून ठेवतं. काही लोकांनी हेच गणित माणसांच्या निर्णयांना लावून पाहिलंय असं तिच्या वाचनात आलं, आणि आपल्याला आयुष्यभर हेच करायचंय असं तिनं ठरवून टाकलं. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी तिला संशोधनासाठी ये म्हणून कळवलंही होतं.

मग चैत्रात गावदेवीची जत्रा आली. देवीची पालखी देवळातून उठते तेव्हा पहिला खांदा कुणाचा, याचा वडप्यात लिलाव होतो. पैसा देवळाला, मान घराला. पंच आवाज देतात, लोक बोली चढवतात, आणि देवीसमोर एकदा तोंडातून निघालेली बोली मागे घेता येत नाही. परक्याला हा भक्तीचा प्रकार वाटेल. भक्ती असतेच, पण अर्धी गंमत शेजाऱ्याला खाली बसवण्यात असते, आणि हे देवीलाही एव्हाना माहीत असणार.

त्या वर्षी बाळाराम बोलीला उभा राहिला. समोर भूपेश ठाकूर. भूपेशचे ट्रक होते, हायवेला गॅरेज होतं, आणि ट्रकांना आत यायला बाळारामच्या उरलेल्या शेतातून वाट हवी होती. बाळारामनं ती चारचौघांत शिव्या देऊन नाकारली होती. बाळाराम ते संध्याकाळपर्यंत विसरला, भूपेश विसरला नाही. बाकीचे एकेक करून बसले आणि दोघंच राहिले. भूपेश थोडंथोडं चढवत होता आणि दर वेळी देवीकडे न बघता बाळारामकडे बघत होता. बाळाराम इरेला पेटला. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या मैनाला आकडे कळत होते, बापाचा हात धरावासा वाटत होता, पण मध्ये सगळं गाव होतं. पोरीच्या शिक्षणाचा पैसा संपेल एवढी बोली बाळारामच्या तोंडून निघाली, आणि भूपेशनं शांतपणे हात जोडले.

"काका, तुम्हीच न्या. आमची कुठं ऐपत हाय," तो म्हणाला आणि हसत खाली बसला. त्याच्या बाजूची माणसंही हसली.

एक वार, दोन वार, तीन वार. बाळारामनं पालखी उचलली ती मान खाली घालून, आणि त्यानंतर तो जत्रेला कधी गेला नाही. मैनाचं पुणं राहिलं. दुसरी कुणी असती तर रडून मोकळी झाली असती. मैनानं भूपेशचं ते हसू नीट बघून घेतलं आणि जपून ठेवलं.

तिला नोकरी लागली ती गावाच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका गोदामात. आधी कंप्युटरवर मालाच्या नोंदी चढवायचं काम होतं, पुढे गोदामात रोबो आले तसं तिला त्या विभागात घेतलं. गुडघ्याएवढ्या उंचीच्या, चपट्या, चाकांवर चालणाऱ्या गाड्या त्या. मालाचं अख्खं कपाट पाठीवर घेऊन पॅकिंगच्या टेबलापाशी आणतात. हमालांनी त्यांचं नाव ठेवलं कासवं. या कासवांमध्ये दिवसभर लिलाव चालतो. ऑर्डर आली की प्रत्येक कासव आपली बोली सांगतं, मला एवढे सेकंद लागतील. ज्याचे सेकंद सगळ्यात कमी, त्याला काम. बोली बरोबर निघावी म्हणून बॅटरी, वळणं, गल्लीतली गर्दी, सगळं गणितात बसवायचं, हे मैनाचं काम. तिनं ते इतकं नेमकं बसवलं की बाहेरगावची माणसं येऊन बघून जाऊ लागली.

कासवं खोटी बोली लावत नाहीत. शेजारच्या कासवाचं वाईट व्हावं असं त्यांना वाटत नाही, कारण त्यांच्या आज्याचा बांध कुणी कोरलेला नसतो. माणसाचं मॉडेल करायचं तर आणखी एक आकडा घालावा लागतो, हे मैनानं लिलावाच्या गणितात वाचलं आणि तिचे डोळे चमकले. माणसाचं समाधान म्हणजे त्याला मिळालेलं, वजा समोरच्याला मिळालेल्याचा काही हिस्सा. तो हिस्सा केवढा, तो ईर्षेचा आकडा. कासवाचा शून्य. साध्या दुकानदाराचा शून्याच्या जरा वर. समोरच्याचा रुपया बुडाला की आपल्याला रुपया मिळाल्याइतकं सुख ज्याला होतं, त्याचा एक.

भूपेशचा आकडा काढायला तिनं बरीच वर्षं घेतली. बाप घरी बसायचा आणि ती दर जत्रेला बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहायची. देवीला हात जोडायची, पण डोळे भूपेशवर. अनोळखी माणूस समोर असला की भूपेश बेताबेतानं चढतो आणि वेळेवर थांबतो. भावकीतला समोर असला की मान ताठ होते. आणि विपुल समोर असला की त्याला काही सुधरत नाही. विपुल ठाकूर म्हणजे त्याच्या चुलत्याचा मुलगा, दोन ट्रकांचा मालक, त्यातला एक स्वतःच चालवायचा. तरुण, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका जत्रेत पहिला खांदा त्यानं भूपेशच्या हातून घेतला होता, आणि तेव्हापासून भूपेशला त्याचं नाव खपत नव्हतं. विपुल समोर असताना भूपेशचा आकडा एकाच्या अगदी जवळ जातो, हे मैनानं पक्कं करून ठेवलं. स्वतःचा आकडा तिनं कधी काढला नाही.

मग मुंबईच्या ऑफिसातून रीमा मॅडमचा फोन आला. गोदामातून दुकानांना माल नेण्याचं वर्षाचं काम आजवर ओळखीपाळखीनं दिलं जायचं. आता त्याचा लिलाव करायचा, कंप्युटरवर, उतरता. जो सगळ्यात कमी दर सांगेल त्याला काम. कासवांचे लिलाव तू चालवतेस, तर हाही तूच बसव, असं मॅडमनी सांगितलं. मैनानं फोन ठेवला आणि बराच वेळ काचेपलीकडच्या कासवांकडे बघत बसली. या लिलावाला भूपेश येणारच होता, आणि विपुलही.

पहिला आराखडा तिनं प्रामाणिकपणे केला होता, हे सांगायला हवं. त्यात बोली लावणाऱ्याला फक्त स्वतःचा क्रमांक दिसायचा, समोर कोण आहे ते कळायचं नाही. डिझेल आणि ड्रायव्हरचा खर्च भागणार नाही इतका खाली कुणी गेला, तर कंप्युटर थांबवून विचारायचा, नक्की का? तो आराखडा बघून ती घरी गेली. बाप ओटीवर पाय पसरून बसला होता, दुरून जत्रेच्या तयारीचा ताशा ऐकू येत होता, आणि तो उठून आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन गोष्टी बदलल्या. थांबवून विचारणारा भाग काढून टाकला. आणि बोली लावणाऱ्यांची नावं सगळ्यांना दिसतील असं केलं. नाव आधी, दराची चौकट त्यानंतर. माणसाला आधी दर विचारला आणि मग नाव दाखवलं, तर तो धंद्याचा दर सांगतो. आधी नाव दाखवलं आणि मग दर विचारला, तर तो माणूसच वेगळा असतो. पुण्याला जाऊन जे शिकायचं होतं ते तिनं असं वडप्यात बसून वापरलं. रीमा मॅडमनी विचारलं, नावं कशाला? मैना म्हणाली, "नावं दिसली की दर आणखी उतरतात, मॅडम." ते खरंच होतं. मॅडम म्हणाल्या, मग दाखव.

लिलाव सकाळी अकराला सुरू झाला. भूपेश त्याच्या गॅरेजवरच्या ऑफिसात बसला होता, विपुल कुठल्या तरी ढाब्यावर ट्रक लावून मोबाईलवर. आणखी काही वाहतूकवाले होते, ते अर्ध्या तासात गळाले. मग स्क्रीनवर दोनच नावं राहिली, एकाखाली एक, आणि दर उतरायला लागला. विपुल उतरला की भूपेश उतरायचा, तोही लगेच, विचाराला लागणारा वेळसुद्धा न घेता. विपुल स्वतः ट्रक चालवत होता, त्याला कमी दर परवडत होता. भूपेशला पगारी ड्रायव्हर, त्याचा खर्च जास्त. त्याच्या खर्चाची रेघ मैनाला माहीत होती. त्या रेघेखाली त्याचं नाव सरकलं तेव्हा तिनं टेबलाखाली हाताची मूठ वळली. पुढं थोडं जाऊन विपुल थांबला, कारण त्याच्याही डिझेलात बसेना. भूपेश थांबला नाही. समोर कुणी उरलं नसताना, खात्री म्हणून, तो आणखी एकदा खाली उतरून बसला.

त्या संध्याकाळी भूपेशच्या दारात फटाके वाजले. तो स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन बाळारामच्या ओटीवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुझ्या कंप्युटरनं कल्याण केला आमचा, बाय," तो मैनाला म्हणाला. "त्या विपुलचा तोंड बघाया पायजे होता."

बाळारामनं पेढा घेतला आणि खिडकीत ठेवून दिला. मैनानं दोन खाल्ले.

पुढचं काम डिझेलनं केलं. दर फेरीला भूपेश खड्ड्यात जात होता, आणि जितक्या फेऱ्या जास्त तितका खड्डा मोठा. आधी त्यानं टायर बदलायचे थांबवले, मग ड्रायव्हरांचे पगार. ड्रायव्हर निघून गेले. ऐन सणाच्या तोंडावर माल गोदामात पडून राहिला, कंपनीनं काम काढून घेतलं, अनामत जप्त केली, आणि फायनान्सवाले एकेक करून ट्रक ओढून घेऊन गेले. मैना त्या दिवसांत घरी जायला मुद्दाम गॅरेजवरचा लांबचा रस्ता धरायची. रिकामं होत जाणारं आवार ती डोळे भरून बघायची. तिला आनंद होत होता. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मनापासून, पोटभर आनंद होत होता, आणि रात्री तिला छान झोप लागायची.

तिच्या गणितात एक गोष्ट राहिली होती. आपण बुडालो ते का, असा प्रश्न भूपेशलाही पडणार होता, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. समोरच्याला चढवत न्यायचं आणि ऐनवेळी हात जोडून खाली बसायचं, हा डाव त्यानं स्वतः केलेला होता. विपुलनं आपल्याला तसंच खाली खाली नेलं आणि मुद्दाम सोडून दिलं, याबद्दल त्याच्या मनात जरासुद्धा शंका नव्हती. एका दुपारी हायवेच्या टपरीवर विपुल चहा पीत उभा होता. भूपेश टायर खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आला. लोकांनी ओढून बाजूला करेपर्यंत विपुलचा उजवा हात कोपराजवळ मोडला होता.

मैनाला हे गोदामात कळलं. मॉडेलमध्ये विपुल होता, पण एक नाव आणि एक खर्चाची रेघ एवढाच. तिनं स्वतःला सांगितलं, मी कुणाला मारलं नाही. दिवसभर तेच सांगत राहिली.

महिन्याभरानं बाळाराम विपुलला बघून आला. त्या रात्री जेवताना त्यानं विचारलं, "विपुल म्हनतो, परवडत होता तवर उतरलो, मंग थांबलो. भूपेश म्हनतो, त्यानं मुद्दाम नेला. तुझ्या कंप्युटरात काय हाय?"

"विपुल खरं बोलतोय, बाबा."

"मंग समोर विपुल हाय ह्यो भूपेशला कसा कळला? टेंडरात नाव कुठं दिसतंय?"

"ह्यात दिसत होतं."

"कोनी दाखवला?"

या क्षणाची वाट तिनं किती वर्षं पाहिली होती. बापाची मान वर होताना तिला बघायची होती. सगळं त्यासाठीच तर होतं.

"मी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

बाळारामनं हातातला घास ताटात ठेवला. तो ओरडला नाही, आणि बाप न ओरडता बोलला की तिला लहानपणापासून भीती वाटायची.

"भूपेशनं माझा वाईट केला," तो म्हणाला, "तो देवीपुढं, सगळ्या गावादेखत, माझ्या डोल्यांत बघून. मरंपर्यंत मला त्याचा राग ऱ्हाईल. पन कोनी केला, हे मला कवा कुनाला इचारावा लागला न्हाय. तू सगळ्यांची नावं दाखवलीस. तुझा नाव कुठं हाय?"

तो हात धुऊन ओटीवर जाऊन बसला. मैनाला बापाचाच राग आला. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याला साधं बरं वाटू नये? पण रात्रभर तळमळून सकाळी तिला वाटायला लागलं की म्हातारा बरोबर बोलला. आपण कुणामुळे बुडालो हे भूपेशला माहीतच नसेल, तर उट्टं निघालं कुठं? तो तर विपुलला शिव्या देत म्हातारा होईल. त्याला कळायला हवं होतं, आणि मैनाच्याच तोंडून.

संध्याकाळी ती गॅरेजवर गेली. माफी मागायला गेली नव्हती, हे तिला स्वतःशी पक्कं माहीत होतं. आवारात तेलाचे डाग तेवढे उरले होते. पोलीसचौकीच्या फेऱ्या आणि जामीन यांत महिन्याभरात वाळलेला भूपेश प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

"भूपेशदादा," ती उभ्यानंच म्हणाली, "लिलावात नावं मी दाखवली. विपुलचं नाव बघून तुम्ही थांबणार नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला थांबवणारं कलम होतं, ते मी काढलं. माझ्या बापाला तुम्ही पालखीत फसवलंत, त्याची ही परतफेड."

सगळं बोलून झालं तेव्हा तिला हलकं वाटलं. आता तो उठेल, ओरडेल, कदाचित हात उगारील, आणि त्यालाही ती तयार होती. भूपेशच्या चेहऱ्यावर राग यायला लागला होता, तो मध्येच कुठंतरी अडला.

"म्हंजे विपुलनं काय केला न्हवता," तो म्हणाला.

"नाही. त्याला परवडलं तेवढा उतरला, मग थांबला."

"मी मारत होतो तवा तो हेच बोलत होता. मी न्हाय केला दादा, मी न्हाय केला." भूपेशनं दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. "तू त्याला सांगितलंस हे?"

"नाही."

"मंग आधी माझ्याकडं कशाला आलीस?"

या एका माणसाशिवाय इतक्या वर्षांत तिनं दुसऱ्या कुणाकडे धड पाहिलंच नव्हतं. भूपेश तोंड फिरवून रिकाम्या आवाराकडे बघत बसला, आणि ती तिथून निघाली.

विपुलचं घर त्याच गल्लीच्या शेवटाला होतं. दारासमोर त्याचा ट्रक उभा होता. चालवायला कुणी नव्हतं म्हणून तो महिनाभर तसाच होता आणि काचेवर धूळ बसली होती. मैना त्या ट्रकाच्या आडोशाला बराच वेळ थांबली. भूपेशसमोर बोललेलं एकही वाक्य इथं उपयोगाचं नव्हतं, कारण या माणसानं तिचं कधी काही केलं नव्हतं. शेवटी तिनं कडी वाजवली.

दार विपुलनंच उघडलं, डाव्या हातानं, आणि तिला बघून हसला.

"मैनाताई, तू? अगं, बाहेर का उभी? ये ना आत."